आक्कांनी सूट मागितली न्हवती

मी मूळचा कुंडलच्या पलीकडचा, डोंगराच्या अंगाला आमचं गाव हाय, वडलांचा ऊस हुता, थोरला भाऊ शेतात आनि मी फौजेत, आमच्याकडं घरटी एक तरी फौजेत असतुयाच, त्यात काय नवल न्हाई. नवल हे की मी बंदूक मागायला गेलो आनि सरकारनं माझ्या हातात इंजेक्शन दिलं. नर्सिंग असिस्टंट म्हनून घेतलं मला. काय सांगू तुमाला, तवा लय वाईट वाटलं हुतं, गावात सांगायची लाज वाटायची, म्हनायचो मिलिट्रीत हाय, पुढं कुनी इचारलं की इषय बदलायचा. मंग हळूहळू त्या कामाची गोडी लागली, निम्मा देश फिरलो, बर्फातबी ऱ्हायलो आनि वाळवंटातबी, पन जिथं जाईल तिथं माझा एकच रोग, काळजी. साहेब म्हनायचे, सर्जेराव, पेशंट झोपलाय आनि तुम उसको उठाके पूछता है नींद आयी क्या. खरं हाय ते. माझी बायको शालन आजबी म्हनती, आवं तुमच्या काळजीनंच त्या लकव्याच्या म्हाताऱ्यांना दुसरा झटका यील.

रिटायर होऊन आलो आनि सांगलीतल्या एका दवाखान्यात लागलो. तिथं मेंदूचे डॉक्टर हुते, त्येनी एक दिवस बसवून घेतलं आनि म्हनले, मामा, लकव्याचं मानूस आपन हितं वाचवतो, हार घालून घरी पाठवतो, आनि घरी गेल्यावर त्येचं काय हुतं आपल्याला म्हाईतच न्हाई, परत येतं ते अंगाला जखमा घिऊन न्हाईतर दुसरा झटका घिऊन. तुमी एवढं बघा. झालं, तवापासनं माझं हेच काम. मानूस घरी गेलं की त्येच्या मागं मी. इकडं पलूस, तासगाव, तिकडं कराडपातुर, मोटरसायकल आनि बीपीचं मशीन. आमच्याकडं लोक अजून म्हनत्यात वारं गेलं अंगावरनं. म्हाताऱ्यांचंच वारं जातंय असंबी न्हाई आता, कुपवाडला लेथवर काम करनारा एक गडी मशीनपाशीच बसला खाली, पोरगी शाळंत बी जात न्हाई अजून त्येची. तर आशा मानसाला घरात कुनी उचलायचं, कुनी भरवायचं, कुशीवर कुनी वळवायचं, व्यायामाला कोन नेनार, गोळ्या कोन देनार, हे समदं जुळवायचं काम माझं. दवाखान्यात त्येला काय तरी इंग्रजी नाव हाय. मी म्हंतो जुळवाजुळव.

आनि ती जुळवायची कशी, तर पैऱ्यानं. शेतात कसं, आज तुमी माज्या भांगलनीला या, उद्या मी तुमच्या, पैशाचा इषय न्हाई, पैरा फेडायचा. तसंच मी घरं जोडतो. एका घरात उचलायला गडी हाय पन भरवायला बाई न्हाई, दुसऱ्या घरात बाई हाय पन गडी फौजेत, मंग दोगांची गाठ घालून द्यायची. पगारी मानूस ठेवलं तर ते चार दिवसांत पळून जातं, पैऱ्याचं मानूस पळत न्हाई, कारन उद्या त्येलाबी गरज हाय. हे लय चांगलं चालतंय, फकस्त माझ्या जिवाला घोर असतो, कारन जोडून दिलेलं कुठंतरी तुटलं तर फोन मलाच येतो.

तर तुमी इचारलंत सगळ्यात भ्यालेला दिवस कोनता. तो आक्कांचा.

आक्का म्हंजी आमच्या शेजारच्या गावातल्या जैनांच्यातल्या. पोराचं बी-बियाणाचं दुकान, सुकुमार त्येचं नाव, थोडा ऊस, थोडी हळद, घर खाऊनपिऊन सुखी. सून त्रिशला, लय गुनाची. आक्का सत्तरी वलांडलेल्या, ताठ बाई, नवरा गेल्यावर सगळं शेत त्येनीच वडलं. त्येंची उजवी बाजू गेली आनि वाचा गेली. वाचा जाती म्हंजी काय, तर समदं कळतं का न्हाई हेच आपल्याला कळत न्हाई. आक्का, चहा पायजे का म्हटलं तर व्हय म्हनून मान हलवायच्या आनि कप पुढं केला की तोंड फिरवायच्या, म्हंजी मानंवर बी इस्वास न्हाई. डॉक्टर म्हनले, मामा, हुकाराची आनि नकाराची मान त्येंची अदलाबदल हुतीया, आपन घाई करायची न्हाई. दवाखान्यात नाकातनं नळी हुती, ती त्येंनी डाव्या हातानं उपसून टाकली हुती म्हनून तो हात कॉटला बांधून ठेवलेला. सुकुमारनं ते बघितलं आनि बाहेर जाऊन रडला. पुढं गिळायला याय लागलं, नळी काढली, घरी आनलं. घरी मी पैरा लावून दिला हौसाबाईंच्या घराशी. हौसाबाई म्हंजी भिंतीला भिंत लागून शेजारीन, मराठ्यांच्यातली, तिचा नवराबी लकव्याचाच, माझ्यासारखा माजी सैनिक. सुकुमारनं सकाळी जाऊन त्येला उचलून आंघोळीला बसवायचं आनि हौसाबाईनं दुपारी यिऊन आक्कांना भरवायचं, म्हंजी त्रिशलाला दुकान बघता येतं. पैला आठवडा झकास गेला. आक्का खीर खायच्या, केळं कुस्करून खायच्या, गोळ्या घ्यायच्या.

आनि मंग एका सकाळी त्रिशलाचा फोन. मामा, आई तोंड उघडंनात.

मी म्हटलं आसंल, पोट गच्च आसंल. दुपारी परत फोन, दुपारीबी न्हाई. दुसऱ्या दिवशी तेच. तोंड असं मिटून घ्यायच्या, चमचा वठाला लावला तर हातानं ढकलायच्या. पानीबी दोन-चार घोट, तेबी जबरदस्तीनं. गेलो मी, काय गेलो, उडतच गेलो. तोंडात छाले हायेत का बघितलं, न्हाईत. ताप न्हाई. घसा बघितला, पोट दाबून बघितलं. बीपी मात्र चढलेलं, चढनारच, गोळी पोटात गेली तर ना. रगत पातळ करायची गोळीबी गेली न्हवती. तुमाला सांगतो, त्या गोळ्या चुकल्या की मला धीर निघत न्हाई, कारन मी बघितलंय दुसरा झटका कसा असतो, पैल्यातनं मानूस निम्मं उरतं आनि दुसऱ्यातनं काहीच उरत न्हाई. डॉक्टरांना फोन लावला. ते म्हनले, मामा, उद्या दुपारपातुर खाल्लं तर ठीक, न्हाईतर घिऊन या, नळी घालावी लागंल.

सुकुमारला सांगितलं तर त्यो मला हाताला धरून बाहेर कट्ट्यावर घिऊन गेला. शांत मानूस हाय तो, कवा आवाज चढवनार न्हाई. म्हनला, मामा, तुमी आमचेच हाय म्हनून सांगतो. आमच्या आज्ज्यानं सल्लेखना घेतली हुती. म्हंजी खानं-पिनं हळूहळू सोडून, समद्यांची क्षमा मागून, देवाचं नाव घेत देह ठेवायचा. आईनं ते डोळ्यांनी बघितलंय. मला वाटतंय तिनं मनात घेतलंय तसं. आनि घेतलं आसंल तर मामा, मी तिच्या नाकात नळी घालू का? परत हात बांधू का तिचा?

 आवं, फौजेत बघितलंय मरन, पन तिथं मानूस जगायला धडपडतं, आपन त्येच्या बाजूनं असतो, सोपं असतं. हितं मला कळंना मी कुनाच्या बाजूनं हाय. मी त्येला म्हटलं, बाळा, मी तुमच्या धर्मावर बोलनार न्हाई, माझी लायकी न्हाई, पन मला एक सांग, आज्ज्यानं कसं घेतलं हुतं? म्हनला, मुनीमहाराजांना इचारून, सोताच्या तोंडानं, गावासमोर. म्हटलं मंग आईनं कुनाला इचारलंय? तिला वाचाच न्हाई. तिला खरंच जायचं आसंल आनि आपन नळी घातली तर त्यो छळ, आनि तिला जगायचं आसंल आनि आपन जायचंय म्हनून गप बसलो तर मंग काय झालं ते? सुकुमारनं डोकं धरलं. म्हनला, म्हनूनच म्हंतो मामा, मला काय सुचंना झालंय. आत जाऊन मी आक्कांना सरळ इचारलं, लाज सोडून, आक्का, तुमाला जायचंय का? मान हलली, व्हय.  मंग इचारलं, आक्का, तुमाला ऱ्हायचंय का? मान हलली, व्हय.

आता सांगा, काय करायचं मानसानं.

दिवस कलायला लागला तशी हौसाबाई आली. तिला मी कट्ट्यावरच बसलेला दिसलो, म्हनली, काय सर्जेराव, तोंड असं का केलंय? सांगितलं. हौसाबाईचा आवाज म्हंजी बैल हाकायचा, ती तिथंच भडकली. कोन म्हंतंय ती मरायला बसलीया? आवं मी रोज हितं असती. सकाळी बस्तीची घंटा झाली की ती बाहेर बघती. दुपारी मी चमचा नेला की माझा हात ढकलती आनि बोटानं रस्त्याकडं दावती. तुमाला वाटतंय मला जा म्हंती, मलाबी पैल्यांदा राग आला, म्हटलं एवढी मी हिचं करती आनि ही मला हाकलती. पन ती मला न्हाई दावत, ती बस्ती दावती! मी इतकी वरसं हिच्या भिंतीला भिंत लावून ऱ्हायली, हिनं कवा बस्तीत जाऊन आल्याशिवाय पान्याचा थेंब घेतलाय का? पाऊस असू दे, ताप असू दे. मी चहा घिऊन आली तर म्हनायची, हौसे, आदी देव.

बस्ती म्हंजी आमच्याकडं जैनांच्या देवळाला म्हनत्यात.

आनि तिथं दारात उभी असलेली त्रिशला एकदम रडायलाच लागली. म्हनली, मामा, मी पैल्याच दिवशी ह्येंना म्हटलं हुतं, आईंचा नेम हाय, दर्शन घेतल्याशिवाय खायचं न्हाई. तर ह्येंनी बस्तीतल्या पंडितांना इचारलं, पंडित म्हनले आजारपनात दोष न्हाई, सूट हाय. आमी आईंच्या कॉटपाशी उभं राहून सांगितलं, आई, तुमाला सूट हाय, बिनघोर खावा. त्येंनी मान हलवली. सुकुमार म्हनला, आनि मी रोज सकाळी मोबाईलवर अभिषेक दावतोय की तिला, सांगलीतल्या मंदिराचा.

बघा म्हंजी, चूक कुनाची धरायची? पोरानं मायेनं इचारलं, पंडितांनी मायेनं सांगितलं, सुनंनं मायेनं ऐकलं. समद्यांनी मिळून आक्कांना सूट दिली. आक्कांनी सूट मागितली न्हवती. पैल्या आठवड्यात डोकं धुंद हुतं म्हनून खाल्लं त्येंनी, डोकं ताळ्यावर आलं तसा नेम आठवला आनि तोंड मिटलं. असं आता मला वाटत हुतं. वाटत हुतं, म्हंजी खातरी न्हवती. मी म्हटलं, सुकुमार, उद्या सकाळी न्यायचं आक्कांना बस्तीत.

तो तयारच हुईना. म्हनला, मामा, आई कशी मानी, तुमाला ठावं हाय. तोंड वाकडं झालंय, लाळ गळती, समदं गाव बघंल. आनि अंगाला डायपर हाय, त्या अवस्थेत ती सोता तरी आत पाय ठेवंल का? मंग म्हनला, आनि नेऊन बी न्हाई खाल्लं तर? मंग तर पक्कंच झालं की मामा, तिला जायचंय. मंग इचारायचं काय उरलंच न्हाई. तुमाला खरं सांगतो, माझ्याबी मनात तेच हुतं. आज निदान ठावं न्हाई एवढा आधार हुता. मी म्हटलं, आत न्हाई न्यायचं, दारातनं दर्शन घेतील, आनि लोकांचं काय, लोक दोन दिवस बघतील. घरी आलो तर शालननं वाढलेलं ताट मी तसंच सरकवलं, ती म्हनली, आता तुमीबी तोंड मिटलंत का?

सकाळी त्रिशलानं त्येंना ऊन पान्यानं आंघोळ घातली, डायपर काढलं, घडीचं पांढरं लुगडं नेसवलं, केस विंचरले. खुर्ची घरातलीच घेतली, हाताची, तिला आडवे बांबू बांधले. एका अंगाला सुकुमार आनि मी, दुसऱ्या अंगाला त्येचा चुलतभाऊ आनि दुकानातला गडी. हौसाबाईबी डोक्यावरनं न्हाऊन आली, म्हनली मी बाहेरच थांबती पन येती. मला तर काळज्याच काळज्या, उजवा हात लोंबकळला तर खांदा निखळतो म्हनून तो उपरण्यानं छातीशी बांधला, मान कलती म्हनून मागं उशी, खिशात बीपीचं मशीन. चालताना मी समद्यांवर वरडत हुतो, हळू, हळू, डावीकडं दगड हाय. सुकुमार म्हनला, मामा, तुमीच जरा दमानं घ्या.

गल्लीत बाया दारात आल्या, एक-दोघींनी लांबनं हात जोडले. बस्तीच्या दारात खुर्ची टेकवली. पंडितांनी आतला पडदा पुरता सारला, दिवा मोठा केला. आक्का बघत ऱ्हायल्या. मंग डावा हात उचलला, आनि त्या हातानं छातीशी बांधलेला उजवा हात धरून वडायला लागल्या. मला कळंना काय करत्यात, मी घाबरलो, म्हटलं खांदा जाईल. त्रिशलाला कळलं. तिनं पुढं हुऊन उपरणं सोडलं आनि तो गेलेला हात उचलून डाव्या हाताला जोडून धरला. हात जोडायचे हुते त्येंना, दुसरं काय. सुकुमारनं तोंड फिरवलं आनि मीबी कुठंतरी तिकडं बघत ऱ्हायलो, फौजी असून.

घरी आलो. रव्याची खीर केली हुती, घट्टसर, पातळ चालत न्हाई, ठसका बसतो. गोळ्या कुटून. मी दुसरीकडं मधातनं द्या म्हंतो, पन ह्येंच्यात मध चालत न्हाई, म्हनून खिरीतच कालवल्या. आक्कांना सरळ बसवलं, हनुवटी खाली. त्रिशलानं चमचा पुढं केला.

तोंड मिटलेलं.

 सुकुमारचा चेहरा बघवंना. मी मनात म्हटलं, संपलं, आता नळी न्हाईतर… आनि मला दिसलं, आक्कांचे वठ हलत्यात. आवाज न्हाई, शब्द न्हाई, पन वठ हलत्यात. त्रिशला चमचा तसाच धरून हळू आवाजात म्हनली, मामा, थांबा, णमोकार म्हनत्यात त्या. आमी जेवायच्या आदी म्हंतो. आमी समदे थांबलो. वाचा गेलेल्या बाईचा मंत्र संपायला किती येळ लागनार हे कुनाला ठावं, आमी थांबलो. आनि मंग त्येंनी तोंड उघडलं.

पैला घास गिळंपातुर मी त्येंच्या गळ्याकडंच बघत हुतो. दोन दिवस न खाल्लेला घसा, कुठं अडकलं तर. गिळला. दुसरा गिळला. हौसाबाई उंबऱ्यातनं वरडली, बघा, सांगत हुती न्हवं! आक्कांनी तिच्याकडं बघितलं. वाटी सरेपातुर कुनीच उठलं न्हाई. डॉक्टरांना फोन केला, नळी नको म्हनले, आनि मी म्हटलं साहेब, आनखी एक, ह्या सूर्य मावळल्यावर काय घेत न्हाईत, तर रात्रीची गोळी जरा अलीकडं घ्या, त्येंनी येळ बदलून दिली.

आता लय महिने झाले त्येला. आता डायपर न्हाई. सुकुमारनं चाकाची खुर्ची आनली, मंग मी सांगितलं गल्लीच्या कोपऱ्यापासनं चालवायचं, त्रिशलाचा हात धरून, वॉकर घिऊन. एरवी व्यायाम कर म्हटलं की आक्का डोळे मिटून घेत्यात, पन बस्तीकडं निगालं की पाय आपसूक उचलतो. वाचा काय आली न्हाई. एक दिवस सुकुमारनं मला इचारलं, मामा, कवातरी तिनं खरंच तोंड मिटलं तर? मी म्हटलं, आज ना उद्या ते यायचंच हाय, माझं बी यायचंय. पन तवा आपन आपल्या मनानं ठरवायचं न्हाई. तवा तिला इचारायचं. म्हनून मी त्येंच्याकडं गेलो की हुकार-नकाराचाच सराव घेतो, आक्का, ही तुमची सून का, आक्का, हे गाढव का. त्या हसत्यात. आता बऱ्यापैकी बरोबर हलती मान. मला त्येंना पुरतं बरं करता यायचं न्हाई, तेवढी ताकद माझ्यात न्हाई. पन जगायचं का जायचं हे इचारल्यावर त्येंची मान खरी हलावी, एवढं झालं तरी देवानं मला पुष्कळ दिलं. त्यो देव त्येंचा असू दे न्हाईतर माझा.

त्रिशला रोज सकाळी फोन करती, आईंनी खाल्लं म्हंती आनि ठेवती. तेवढंच. मी काय तिला सांगितलेलं न्हाई, पन त्यो फोन आल्याबिगर माझ्याच्यानंबी चहा घेववत न्हाई. शालन म्हंती, तुमी कधी जैन झाला. आज जरा उशीर झालाय. आसंल काहीतरी, देवळात गर्दी आसंल. न्हाई, तुमी घ्या, निवंल तुमचा. माझा राहू द्या तसाच.